नात्यात नसलेला माणूस पाहिजे

वेल्डर पाहिजे असेल तर मी दुपारपर्यंत आणून देतो. फोर्कलिफ्ट चालवणारा मिळतो, सीएनसीवाला मिळतो, रात्रपाळीला न झोपणारा वॉचमन जरा अवघड, पण तोही मिळतो. चाकणच्या आंबेठाण चौकात, हार्डवेअरच्या दुकानावर माझं माणसं पुरवण्याचं ऑफिस आहे. या पट्ट्यातल्या निम्म्या कंपन्यांना माणसं मीच पुरवतो असं मी सांगतो. उरलेल्या निम्म्यांना पुरवणारे चारपाच जणही तेच सांगतात. पण 'एक स्वतंत्र माणूस पाहिजे' अशी ऑर्डर मला उद्धवरावांनी दिली, तोवर कुणी दिली नव्हती.

उद्धवराव म्हणजे घोडी शर्यत साहाय्य निधीचे अध्यक्ष. आमच्याकडे बैलगाड्यांच्या शर्यतीत गाड्याच्या पुढे घोडी पळते आणि तिच्यामागे बैल पळतात. बंदी उठल्यावर बैलांना चांगले दिवस आले, त्यांच्या मागोमाग घोड्यांनाही आले. मग काही घाटांवर नुसत्या घोड्यांच्याच शर्यती सुरू झाल्या. शर्यतीच्या चढाच्या वाटेला आमच्याकडे घाट म्हणतात. या शर्यतींना पैसा पुरवायला हा निधी. घाट दुरुस्त ठेवणं, बक्षिसं देणं आणि पडलेल्या घोडीवर नि स्वारावर उपचार करणं, अशी त्याची कामं घटनेत लिहिली आहेत. पहिल्या दोन कामांना फ्लेक्स लावता येतो. तिसऱ्याला लावता येत नाही, त्यामुळे ते मागे पडलं होतं.

निधीला पैसा देते महाळुंग्याजवळची एक परदेशी कंपनी. ती गाड्यांचे ब्रेक बनवते.

यंदाच्या शर्यतीत भैरू पडला. भैरू उद्धवरावांच्याच घोडीचा स्वार. घाटाच्या वरच्या टोकाला शर्यत संपते, पण ते घोडीला माहीत नसतं. म्हणून तिथं गवत भरलेल्या पोत्यांची भिंत रचायची पद्धत आहे. पोत्यांचं काम रंगरावांकडे होतं. रंगराव म्हणजे निधीचे खजिनदार आणि उद्धवरावांचे व्याही. त्या दिवशी पोत्यांच्या जागी पाहुण्यांच्या मोटारींसाठी मंडप होता, कारण ऊन फार होतं आणि मोटारी काळ्या होत्या. घोडी मंडपात शिरली. घोडी उठली. भैरू उठला नाही.

खुब्याचं हाड मोडलं होतं. सरकारी दवाखान्यात खिळा बसवला, तो सरकला. डॉक्टर म्हणाले, दुसरं ऑपरेशन लवकर करा, नाहीतर हाड जुळेल, पण वाकडं जुळेल. भैरूनं निधीकडे अर्ज केला. त्याच सुमाराला कंपनीच्या सीएसआर विभागाच्या वर्षाली मॅडमनी निधीला कळवलं की मंडळात सगळे एकमेकांचे पाहुणे आहेत, तेव्हा एक स्वतंत्र सदस्य नेमा. अध्यक्ष, खजिनदार किंवा कुठल्याही सदस्याशी त्याचं रक्ताचं, लग्नाचं, धंद्याचं किंवा जाहीर मानलेलं नातं नसावं. आणि उपचाराच्या प्रत्येक अर्जावर त्याची सही असावी.

हेतू चांगला होता. आमच्याकडे चांगल्या हेतूचं काय करायचं हे लोकांना लगेच कळतं. स्वतंत्र सदस्य नाही, म्हणजे सही नाही. सही नाही, म्हणजे ऑपरेशन नाही. ज्यांनी पोती रचली नाहीत त्यांना आता भैरूकडे बघायचीही गरज उरली नाही, आणि तीही नियमानं.

"भैरू, काळजी करू नकु," उद्धवराव त्याला फोनवर म्हणाले. स्पीकर चालू होता आणि मी समोर बसलो होतो. "स्वतंत्र सदस्य आला की पैली सही तुझीच."

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "निरंजनसर, एक स्वतंत्र मानूस बगा."

"कसा पाहिजे?"

"कसा म्हंजे? आपला पाहिजे."

"आपला असला तर स्वतंत्र कसा?"

"आवो, आपलाच स्वतंत्र!" उद्धवराव म्हणाले, आणि मला त्या क्षणी काम सोडायला हवं होतं असं आता वाटतं. तेव्हा वाटलं की या निमित्तानं भैरूचा पाय तरी मार्गी लागेल.

मी जाहिरात दिली. माणसं आली. मुलाखती निधीच्या ऑफिसात, म्हणजे उद्धवरावांच्या मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, जिथं एरवी वरपक्षाला उतरवतात. टेबलामागे उद्धवराव, रंगराव आणि दिग्विजय. दिग्विजय हा उद्धवरावांचा पुतण्या, मंडळाचा सचिव. तो सगळं मोबाइलवर करतो, अगदी विचारसुद्धा.

पहिला उमेदवार पुनावळ्याचा, निवृत्त मुख्याध्यापक. सरळ माणूस. मी त्याला खाली बजावून पाठवलं होतं की कामाबद्दलच बोला. तो खुर्चीत टेकायच्या आत रंगरावांनी विचारलं, "गाव पुनावळंच का मूळ?"

"मूळ हिंजवडीकडचं."

"हिंजवडीत कुनाचं?"

झालं. मुख्याध्यापकांच्या मावशीचा धाकटा दीर रंगरावांच्या थोरल्या मेहुण्याचा साडू निघाला. रंगराव खुर्चीतून उठले. "आदी सांगायचं न्हाई का, पाव्हनं! दिग्या, चहा सांग, चहा!"

मुख्याध्यापक बाद झाले. पण त्यांना जेवून जायला लावलं.

दुसरा चाकणचा सीए. तो दिग्विजयच्या सासुरवाडीचा निघाला. तिसरा मोशीचा, निवृत्त फौजदार, त्याच्या मुलीचं सासर उद्धवरावांच्या चुलत घरात. चौथा मी मुद्दाम लातूरकडचा आणला, बँकेतून निवृत्त झालेला, थेरगावात फ्लॅट घेऊन राहणारा. मनात म्हटलं, मांजरा नदीचा माणूस इंद्रायणीत कुठं सापडतोय. रंगरावांनी त्याला वंशावळीत हळूहळू मागं नेलं. लातूर, तिथून औसा, तिथून एक आत्या, आत्याची नात, आणि ती नात दिली होती भोसरीत, रंगरावांच्या गाळ्यातल्या भाडेकरूला.

"म्हंजे धंद्याचं नातं," रंगराव समाधानानं म्हणाले.

ही काही लबाडी नव्हती, हेच मला जास्त चीड आणणारं होतं. या माणसांना समोर आलेल्याचं नातं काढल्याशिवाय त्याच्याशी बोलताच येत नाही. नातं सापडलं की त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरतो तो खरा असतो. सोयरीक सापडली की माणूस विश्वासाचा, आणि विश्वासाचा झाला की बाद. अशी एकेक मुलाखत व्हायची, आणि एकेका मुलाखतीत भैरूचं हाड आपल्या मनानं जुळत राहायचं.

मी त्याला बघायला गेलो. महाळुंग्यात पत्र्याच्या चाळीत त्याची खोली. बायको कस्तुरा एका कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या लाटते. भैरू कॉटवर उताणा, पायाखाली दोन उशा. भिंतीवर घोडीचा फोटो, त्यात भैरूही होता पण त्याच्या चेहऱ्यावर उद्धवरावांचा गोल फोटो चिकटवलेला. फ्लेक्सवाल्यानं तसंच छापून दिलं होतं.

"काय सर, घावला का मानूस?"

"शोधतोय."

"बिननात्याचा मानूस हितं कसा घावायचा? दुबईला बगा." तो हसला. हसताना पाय हलला आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

कस्तुरा चुलीपाशी होती. गॅस होता, पण सिलिंडर संपला होता. ती मागे न बघता म्हणाली, "त्यास्नी घोडी पळवायला मानूस लागला तवा नातं इचारलं हुतं का?"

मी उठलो आणि दाराबाहेर चपला घातल्या.

त्या संध्याकाळी मी आम्रपालीला फोन केला.

आम्रपाली थेरगावची. वडील पिंपरीच्या कारखान्यात फाउंड्रीत होते, युनियनचे. ती इंजिनिअर झाली, बरीच वर्षं कंपन्यांत सेफ्टी ऑफिसर होती, आता कंपन्यांचं सेफ्टी ऑडिट करते. माझी तिची ओळख अशी की सेफ्टी शूज नाहीत म्हणून तिनं माझी माणसं अनेकदा गेटवरून परत पाठवली होती. मी तिला मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या होत्या. माणसाची लायकी ओळखायची हीही एक पद्धत आहे.

"घोड्यांची शर्यत?" ती म्हणाली. "माझा काय संबंध?"

"नाही, हीच तुमची पात्रता आहे."

मग मी भैरूचं सांगितलं. ती म्हणाली, "पोती का नव्हती?"

मुलाखतीला वर्षाली मॅडमही हजर होत्या. आम्रपालीनं आत येऊन नाव सांगितलं, आडनाव सांगितलं. आणि मी प्रथमच पाहिलं की रंगरावांनी 'गाव कुठलं' हे विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. खोलीत अशी शांतता झाली जी मुख्याध्यापकांच्या वेळी नव्हती, फौजदाराच्या वेळी नव्हती.

उद्धवराव घसा खाकरून वर्षाली मॅडमना म्हणाले, "हे उत्तम झालं. हितं नातं निघायचा प्रश्नच न्हाई."

"हो," आम्रपाली म्हणाली. "तो प्रश्न तुमच्याकडं फार पूर्वीच मिटवलाय."

चहा आला. सगळ्यांना कपबशा, तिला कागदी ग्लास.

दिग्विजय घाईनं म्हणाला, "मॅडम, ते हायजिनसाठी."

"मग सगळ्यांना द्या ना. एवढं हायजिन मला एकटीला कशाला?"

वर्षाली मॅडमनी आपली कपबशी हळूच बाजूला सरकवली. दिग्विजय खाली जाऊन कागदी ग्लासांची चळत घेऊन आला. उद्धवरावांनी कागदी ग्लासातून चहा प्यायला, तोही फुंकर घालत, जणू चहा कधी नव्हे तो गरम होता.

"काही विचारायचं आहे का तुम्हाला?" वर्षाली मॅडमनी आम्रपालीला विचारलं.

"घाटाच्या टोकाला पोती का नव्हती?"

रंगरावांचा पाय टेबलाखाली हलायला लागला. उद्धवराव म्हणाले, "ते बगू. तुमी मंडळात आला की तुमीच बगा." आणि हसले. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. मी माणसं पुरवतो, ती पुढं काय होतात हे बघत नाही, हा आमच्या धंद्याचाच दोष आहे.

तिची निवड झाली. होणारच होती. वर्षाली मॅडम खूश होत्या, कंपनीचा अहवाल सजणार होता, आणि दुसरा उमेदवार पृथ्वीवर नव्हता. आम्रपाली त्याच दिवशी भैरूकडे जाऊन आली. त्याचे एक्स-रे खिडकीशी धरून पाहिले, डॉक्टरांशी बोलली, आणि मला म्हणाली, "पहिल्या बैठकीत सही करते. दुसऱ्या दिवशी भरती."

पण बैठकीआधी सत्कार. आमच्याकडे माणूस कामाला लागायच्या आधी त्याचा सत्कार करतात. नंतर करण्यासारखं काही उरेल याची खात्री नसते.

मंगल कार्यालय भरलेलं. हलगी, फेटे, तुतारी. आम्रपालीनं फेटा नाकारला, गुलाबाचं फूल घेतलं. उद्धवरावांनी माईक हातात घेतला. आधी घोड्यांवर बोलले, मग संविधानावर बोलले, मग त्यांचा आवाज भरून आला.

"मला एकच सख्खी भैन. मंजुळा. आज मला दुसरी भैन घावली! सगळ्या पंचक्रोशीसमोर जाहीर करतो, आजपासनं आम्रपालीताई ह्या उद्धवची मानल्येली भैन! जातपात आमी मानत न्हाई!"

टाळ्या. त्यांची बायको ताट घेऊन पुढं आली. साडी, खण, नारळ. हलगीवाल्यानं संधी साधली.

आम्रपाली माईकपाशी गेली. "आभार. सदस्य म्हणून नेमलंत, तेवढं पुरे. साडी नको."

"घ्यावी लागती ताई," उद्धवराव हसत म्हणाले आणि साडी तिच्या हातावर ठेवून वरून आपले दोन्ही हात दाबून धरले. फोटोवाले दोघे होते, एक समोरून आणि एक बाजूनं. तिला हात सोडवून घेता आले तोवर दोघांचं काम झालं होतं.

खाली पार्किंगमध्ये ती मला म्हणाली, "हे काय होतं?"

"माया," मी म्हणालो. "इकडं अशीच करतात."

"मायेला बाजूनं पण फोटो लागतो?"

तिनं साडी तिथंच कार्यालयाच्या झाडूवाल्या बाईंना दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी तळेगाव चौकापासून महाळुंग्यापर्यंत फ्लेक्स होते. 'मानलेल्या भगिनीस हार्दिक शुभेच्छा! शुभेच्छुक: बंधू उद्धवराव.' खाली छोट्या गोल फोटोंत अर्धं गाव. मला वाटलं, नेहमीचीच हौस. मी एवढ्या वर्षांत या पट्ट्यात राहून काही शिकलो नाही.

बैठकीत पहिलाच विषय भैरूचा अर्ज. आम्रपालीनं पेन काढलं. दिग्विजयनं मोबाइल काढला.

"एक मिनिट मॅडम. सॉरी हां. पण एक टेक्निकल लोचा आहे." त्यानं वर्षाली मॅडमची अट वाचली. रक्ताचं, लग्नाचं, धंद्याचं किंवा जाहीर मानलेलं नातं. 'जाहीर मानलेलं' हे शब्द त्यानं दोनदा वाचले. मग सत्काराचा व्हिडिओ लावला. उद्धवरावांचा भरून आलेला आवाज खोलीभर झाला. "अध्यक्षांची बहीण आहात तुम्ही. म्हणजे स्वतंत्र नाही राहिलात ना, राव."

व्हिडिओत हलगी वाजत राहिली.

"उद्धवराव," मी म्हणालो, "हे तुम्ही ठरवून केलंत?"

"ठरवून? मानूस भैन ठरवून मानतो व्हय?" त्यांचा चेहरा इतका दुखावलेला होता की क्षणभर मीच वरमलो. "आतनं आलं, बोललो. आता नियम आडवा येतूया तर मी काय करू? दिलेला शब्द फिरवू? आमच्यात मानल्येली भैन सख्खीपेक्षा मोठी असती, सर. पैशासाठी मी नातं तोडनार न्हाई."

त्यांच्या घरात आम्रपालीच्या समाजाच्या माणसानं कधी ओट्यापुढं पाऊल टाकलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्या नातं सोडा, पाण्याचा संबंध ठेवला नव्हता. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी तिला आपली म्हटलं, ते तिला हाकलायला. माझ्या हातातला कागदी ग्लास चुरगळला गेला. चहा पँटवर सांडला, पण तो मला जाणवला बैठक संपल्यावर.

वर्षाली मॅडम फोन घेऊन बाहेर गेल्या. परत आल्या तेव्हा ओठ आवळलेले. "कंप्लायन्सवाले म्हणतात, नातं जाहीर असेल तर अट मोडते. नवीन सदस्य शोधावा लागेल. किंवा नातं नाही असं अध्यक्षांनी लेखी दिलं पाहिजे."

"लेखी?" उद्धवरावांनी कानाला हात लावला. "भैनीबद्दल असलं? हात झडंल माझा."

"म्हंजे परत जाहिरात द्या, सर," रंगराव मला म्हणाले. त्यांचा पाय हलायचा थांबला होता.

आम्रपालीनं पेनाला टोपण लावलं. ती ओरडेल असं मला वाटलं. ती उलट खुर्ची पुढं ओढून, पाहुणी गप्पा मारायला बसते तशी बसली.

"दादा," ती म्हणाली. "मंजुळाताई कुठं असतात?"

उद्धवराव सावध झाले. "ती? घोडेगावला दिलीया. सुकात हाय."

"कंपन्यांना जमीन गेली तेव्हा त्यांना काय दिलंत?"

"दिलं की. साडीचोळी केली, जावयाला आंगठी घातली."

"आणि हक्कसोड घेतलं?"

"घ्यावंच लागतं. रीत हाय. साडीचोळी करायची, रजिस्टरला न्यायचं, भैनीनं हक्क सोडला म्हनून सही करायची. हितं सगळ्या भैनी करत्यात."

"हां. मग माझी साडीचोळी झालीय," आम्रपाली म्हणाली. "सही राहिली. दिग्विजय, स्टँप पेपर मागव. 'उद्धवराव माझे बंधू असून, त्यांच्या मिळकतीतला माझा हक्क मी स्वखुशीनं सोडत आहे.' वर्षाली मॅडम साक्षीदार. सख्खीपेक्षा मोठी आहे ना मी? मग माझं राहायला नको. राजगुरुनगरला रजिस्टर करू."

दिग्विजय हसला. "असं कुठं असतंय का मॅडम, मानलेल्या बहिणीला कुठं हक्क..."

"नसतोच. म्हणूनच सोडते ना. तुमचं काय जातंय?"

उद्धवरावही हसले, पण रंगराव हसले नाहीत. रंगराव उभे राहिले. त्यांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. त्यांची मुलगी उद्धवरावांच्या घरात दिलेली. उद्धवरावांची रिंगरोडला जायची जमीन अजून ताब्यातून गेलेली नव्हती, मोबदला यायचा होता. आणि त्यांच्या स्वतःच्या जमिनीच्या वेळी, वडलांच्या कुठल्याशा विसरलेल्या बहिणीच्या नातवंडांनी कोर्टात उभं राहून त्यांना किती वर्षं नाचवलं होतं, हे या टेबलावर फक्त त्यांना नीट आठवत होतं.

"लिवायचं न्हाई!" ते ओरडले. "कायबी लिवायचं न्हाई! हक्क सोडला म्हनून लिवलं म्हंजे हक्क हुता असं हुतंय! उद्या हिचा नातू कागूद घिऊन हुबा ऱ्हायला तर?"

"पाव्हनं, बसा खाली. ही चेष्टा करतीया."

"चेष्टा? तुमी व्हिडिओ काडलाय, पाव्हनं! फ्लेक्स लावल्यात गावभर! सगळ्यांसमूर भैन, भैन, भैन! कोर्टात ह्येला काय म्हंत्यात ठावं हाय का?" रंगरावांना कोर्टात काय म्हणतात हे माहीत नव्हतं, पण भीतीला ते लागत नाही. "माझी पोर हाय तुमच्या घरात. नातवंडाचं हाय त्ये सगळं. तुमी आत्ताच्या आत्ता लिवून द्या, ह्या बाईचा नि तुमचा काय संबंद न्हाई!"

"काका, तसं कायदेशीर..." दिग्विजय सुरू झाला.

"तू गप ए! तुजाच मेंदू हा! लई शाना!"

उद्धवराव वर्षाली मॅडमकडे बघत होते, मग आम्रपालीकडे, मग व्याह्यांकडे. ज्यांच्यासाठी ही सगळी उठाठेव केली, पोत्यांचा विषय दाबायला ज्यांची बाजू घेतली, तेच व्याही बोट रोखून उभे होते. वर्षाली मॅडमनी कोरा कागद पुढं सरकवला. मी पेन दिलं. आयुष्यात एखाद्याला पेन देताना इतका आनंद मला झाला नव्हता.

"काय लिवू?" उद्धवराव पुटपुटले.

"लिवा," रंगराव म्हणाले. "भैन न्हाई. कदी नव्हती. आनि हुनारबी न्हाई."

त्यांनी लिहिलं. हात झडला नाही. वर्षाली मॅडमनी फोटो काढून पाठवला, उत्तर आलं, आणि आम्रपालीनं भैरूच्या अर्जावर सही केली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

ऑपरेशन झालं. पण मुख्याध्यापक, सीए, फौजदार, लातूरचे बँकवाले, सत्कार आणि फ्लेक्स या सगळ्यांना वेळ लागला होता, आणि हाड वाट बघत बसलं नव्हतं. ते वाकडं जुळलं होतं. डॉक्टरांनी पुन्हा तोडून, कापून, जमेल तेवढं सरळ केलं.

आम्ही दवाखान्यात होतो, मी आणि आम्रपाली, तेव्हा उद्धवराव आले. बरोबर दिग्विजय आणि फोटोवाला, आणि फळांची परडी, तीवर निधीच्या नावाची पट्टी. उद्धवराव भैरूच्या डोक्यावर हात ठेवून फोटोवाल्याकडे बघत म्हणाले, "भैरू मला पोटच्या पोरावानी हाय."

"नका मालक," भैरू उशीवरून म्हणाला. "पोरगा म्हनू नका. पुढच्या अर्जाला अडचन यील."

शेजारच्या कॉटवरचा पेशंटसुद्धा हसला. उद्धवरावही हसले, सगळ्यांत मोठ्यानं, पोट हलवून. मोठेपणा असाच असतो.

कस्तुरा हसली नाही. ती आम्रपालीला म्हणाली, "बाई, खरं सांगा. ह्यो घोडीवर बसंल का?"

आम्रपालीनं एकदा भैरूकडे पाहिलं. भैरूनं मान हलवली, म्हणजे सांगा.

"नाही. चालेल. पाय आखूड राहील, लंगडत चालेल. घोडीवर मांड ठोकता येणार नाही."

"आनि हे आदी झालं असतं तर?"

"तर बसला असता."

कस्तुरानं ऐकून घेतलं. मग कॉटच्या पायथ्याशी ठेवलेली फळांची परडी उचलली, उद्धवरावांच्या समोर गेली आणि त्यांच्या हातांत दिली. सोडली नाही, दोन्ही हातांनी दाबून दिली, ते घट्ट धरतील अशी. "न्या. पोती भरा ह्याची, आनि घाटावर रचा."

उद्धवराव परडी धरून उभे राहिले. फोटोवाल्यानं सवयीनं फोटो काढला.